हॅकर ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेली) टूल्सच वापरतात, मग ऑफिसच्या पीसीवरून ती काढून टाकावीत का?

काढा की. हॅकरचं त्यानं काय अडणार? तो हत्यारं घेऊनच येतो. क्लाउडवर फाइली चढवणाऱ्या आरक्लोनसारखी एकच एक्झी फाइल, इन्स्टॉलही करावी लागत नाही, आणि सगळा डेटा क्लाउडवर.

हाच प्रश्न सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात ऐकलाय, म्हणून लिहितोय. ऐन सौद्यांच्या दिवसांत टॅली उघडता उघडेना. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के, खाणारा एसव्हीसीहोस्ट, नावावरून विंडोजचीच प्रोसेस. राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं तर फोल्डर निघाला प्रोग्रामडेटा. खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टिम३२ मध्ये असतो. हा नाव बदललेला एक्सएमरिग, मोनेरो ही क्रिप्टोकरन्सी 'काढायचं' (मायनिंगचं) रीतसर ओपन सोर्स सॉफ्टवेअर. मोनेरोचं रँडमएक्स, म्हणजे मायनिंगची आकडेमोड, नेहमीच्या मोडमध्ये २ जीबीहून जास्त रॅम धरून बसतं. ४ जीबीच्या पीसीवर टॅलीला उरणार काय? प्रोसेस मारली की परत हजर, कारण ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये तिची एंट्री. आधी ती उडवायची, मग विंडोजच्या अँटिव्हायरसची, डिफेंडरची, एक्सक्लूजन यादी (जे तपासायचं नाही त्याची) बघायची. तिथं तोच फोल्डर घालून ठेवलेला होता.

दिवाणजींचं म्हणणं, "तुम्ही लिब्रेऑफिस (एमएस ऑफिसऐवजी चालणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) टाकलंत, त्यातनंच आलं. फुकटचं असंच असतंय." विंडोजचा सिक्युरिटी लॉग उघडला तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची ही रांग, म्हणजे चुकलेले पासवर्ड, आणि शेवटी एक ४६२४, म्हणजे जमलेलं लॉगिन, लॉगॉन टाइप १०. रिमोट डेस्कटॉपनं आत! मालकांना घरून टॅली दिसावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट कुणी उघडला होता? दिवाणजींनीच. नंतर म्हणे ३३९० केला. उघडे पोर्ट शोधणाऱ्या हॅकरच्या स्कॅनरला दोन्ही सारखेच. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत उघडलेली ही वाट) बंद करून वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. तेही फुकट, तेही ओपन सोर्स.

दिवाणजींच्या बाजूनं एवढंच, की बनावट प्रती फिरतात. पुटी, टाइटव्हीएनसी, सुमात्रा पीडीएफ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरांत छेडछाड करून उत्तर कोरियाचा गट नोकरीच्या आमिषानं त्या पाठवतो, हे मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडनं फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा) काढून मूळ साइटवरच्या हॅशशी ताडा. जिथून फाइल घेतली त्याच अनोळखी पानावरचा हॅश काही कामाचा नाही.

आणि ॲडमिन खात्यातून कुणी शिरलं असेल तर फाइली पुसून भागत नाही. टॅलीचा डेटा बाहेर काढा, फॉरमॅट मारा, सगळे पासवर्ड बदला. मग लिब्रेऑफिस परत टाका.