‘गळवामां तकलीफ’ला मराठीत काय म्हणावं?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय: दीड वर्षाच्या नातीच्या दवाखान्याच्या कागदावर वर ‘फीडिंग अँड स्वॉलोइंग डिसऑर्डर’ आणि खाली गुजरातीत ‘गळवामां तकलीफ’ असं लिहिलंय. घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘दूध तोंडातून गळतं’ असा घेतला. याला नेमकं मराठी काय? आणि जी मुलगी अजून बोलतच नाही, तिला स्पीच थेरपिस्टकडे का पाठवलं?

गुजरातीत ‘गळवुं’ म्हणजे गळणंही आणि गिळणंही. छप्परही ‘गळे’ आणि माणूस गोळीही ‘गळे’. मराठीने ही दोन क्रियापदं वेगळी ठेवली आहेत, आणि या दुखण्यात तो फरक फार मोलाचा आहे. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळतं तेव्हा बहुधा ओठ मिटण्याची किंवा जीभ वळवण्याची अडचण असते. घोट अजून तोंडातच आहे. गिळताना त्रास होतो तेव्हा घोट घशाशी पोचलेला असतो, आणि त्याच क्षणी श्वासनलिकेचं तोंड मिटावं लागतं. एकाच मुलाला दोन्ही त्रास असू शकतात. पण सांगताना सरमिसळ करू नका, बडोद्यात तर मुळीच नाही, कारण ऐकणारा बरेचदा गुजराती कानाने ऐकत असतो.

आपल्या घरातल्या बायकांकडे याहून बारीक शब्द आहेत. बाळ ‘ओढत नाही’, म्हणजे चोखायला जोर नाही. ‘गुळणी टाकतं’, म्हणजे प्यालेलं दूध अलगद वर येतं. ‘नाकातून दूध येतं’, हे टाळू दुभंगलेल्या बाळांत दिसतं. ‘घास गालात धरून बसते’, ‘पाजल्यावर घसा घरघरतो’, ‘पाण्यानेच ठसका लागतो, भाताने नाही’. ही वाक्यं जशीच्या तशी सांगा, गुजरातीत भाषांतर करायच्या भानगडीत न पडता कुणाला तरी समजावून सांगायला लावा. तपासणाऱ्याला त्यांतून खूप कळतं. मात्र ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काही मुलांत दूध श्वासनलिकेत उतरतं आणि ठसका लागतच नाही. छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर घासात बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळून, गिळणं चालू असतानाच ते एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात. त्या तपासणीला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात.

आता नाव. ‘आहारविकार’ नको, तो शब्द वजनाच्या धास्तीने जेवण सोडणाऱ्यांच्या आजारासाठी वापरला जातो. ‘भरवण्याचा विकार’ तर अजिबात नको. इंग्रजी ‘फीडिंग’मध्ये खाणारा आणि भरवणारा दोघंही मावतात, मराठीत ‘भरवणं’ म्हटलं की कर्ती आई होते, आणि ‘तुला भरवता येत नाही’ हे तिने आधीच पुष्कळ ऐकलेलं असतं. 2019 साली तज्ज्ञांच्या एका गटाने ‘पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर’ची व्याख्या केली, तीतही दोष कुणाच्या माथी मारलेला नाही. वयाला साजेसं खाणं तोंडावाटे होत नाही, निदान 2 आठवडे तरी, आणि त्यामागे शारीरिक आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य किंवा मानसिक-सामाजिक बाजू, यांतलं काही ना काही असतं. म्हणून मी ‘खाण्यागिळण्याची अडचण’ असं म्हणेन. घशाकडचा दोष तपासणीत दिसला तर ‘गिळण्याचा दोष’, आणि फाइलवर ‘डिस्फेजिया’ हे गिळण्याच्या त्रासाचं वैद्यकीय नाव राहू द्या, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनाही लगेच कळेल. ‘गिलनविकार’ असा शब्द घडवता येईल, पण तो आजीला पुन्हा समजावून सांगावा लागेल.

याच बडोद्यात 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला आणि राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी आले. लहान मुलांच्या दवाखान्यात गुजराती-मराठी शेजारी छापलेला एक कागद मिळाला, तर किती घरांची धडपड वाचेल!

स्पीच थेरपिस्टचं म्हणाल, तर बोलायला लागणारे ओठ, जीभ, टाळू आणि घसा हेच अवयव खाण्यालाही लागतात, म्हणून गिळण्याचं कामही त्यांच्याकडेच येतं. आता कुठे दाखवायचं ते. कमी दिवसांचं बाळ पेटीत असतं तिथपासूनच हे काम सुरू होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणापासून मोजलेल्या साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, ज्याला दवाखान्यात पलाडई म्हणतात. पुढे बालरोग विभाग, आणि 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांच्या अडचणींवर लवकर उपचार करणारी केंद्रं.

तिथे घासाचा दाटपणा विचारतील. जगभर त्यासाठी 0 ते 7 अशी पायऱ्यांची मोजणी आहे; आपल्याकडे पातळ, सरसरीत, दाट, खिमट, गुरगुट्या भात हे शब्द आहेत, ते बिनधास्त वापरा आणि चमच्यातून घास कसा पडतो तेही दाखवा. दुधात कुस्करलेली पोळी आपल्याला मऊ, म्हणून सोपी वाटते. पण तिच्यात पातळ दूध आणि गुठळ्या एकाच घासात येतात, आणि अशा मुलांना तोच घास सर्वांत अवघड जाऊ शकतो. नातीला तो द्यायचा की नाही, हे थेरपिस्टने तिला समोर खाताना पाहिल्यावरच ठरवा.