पाहिलं ते ठेव, ताडलं ते काढ

चि. …
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी पाहिला. बिर्याणीत झुरळ निघालं, तू एक स्टार देऊन लिहिलंस, आणि आता वकिलाची नोटीस आली: सात दिवसांत मजकूर काढा, माफी मागा, पंचवीस लाख द्या. "सगळं डिलीट करून सॉरी लिहू का काका?" म्हणतेस. अजिबात नाही.

आधी त्या पंचवीस लाखांचं. नोटीस म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र, कोर्टाचा हुकूम नाही. दिवाणी दावा खरंच लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशेबात कोर्ट फी भरावी लागते. तिथं भल्याभल्यांचे आकडे खाली येतात. मला माहीत आहे, कारण अशा नोटिसा मी स्वतः लिहिल्यात.

तेव्हा मी समोरच्याचा मजकूर पुरता वाचायचोच नाही. त्यातला एक शब्द शोधायचो. वसतिगृहातल्या एका मुलानं लिहिलं होतं, "पनीर आंबट होतं. सांगितलं तर वेटर हसला. मालक भेसळखोर आहे." पहिली दोन वाक्यं खरी, हे अशिलानं माझ्यासमोर कबूल केलं होतं. मी 'भेसळखोर' उचलला. पोरगं घाबरलं, तिन्ही वाक्यं काढली, वर माफीनामा. मी फी घेतली. वकिलानं अशिलाचं काम करायचं असतं, आणि त्या शब्दाला पुरावा नव्हता, हे आजही म्हणेन. पण पनीर आंबटच होतं गं.

आता तुझं. "बिर्याणीत झुरळ निघालं, ताट बदलून दिलं पण बिल पूर्ण घेतलं." उत्तम, याला हात लावायचा नाही. पुढे? "हे लोक रोज शिळं मांस खपवतात, बहुतेक परवानाही नसेल." रोज? तू भटारखान्यात उभी होतीस? आणि तूच पाठवलेल्या बिलावर खाली चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न परवान्याचाच क्रमांक, छापलाय! 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. लिहिण्याआधी बिल तरी वाचायचंस. पाहिलं ते लिही, ताडलं ते नको.

'बहुतेक' लिहून सुटका होत नाही. बदनामीचं कलम, पूर्वीचं 499-500, आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे. उपरोधानं लिहिलेलंही बदनामी ठरू शकतं, कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं त्याच्या स्पष्टीकरणातच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. समाजसेवा ही नवी भर. तुझा तो मित्र "ते सगळं रद्द झालंय" म्हणतो ना, तो घोळ करतोय. 2015 मध्ये रद्द झालं ते आयटी कायद्याचं कलम 66ए, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं. फौजदारी बदनामी सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये कायम ठेवली.

तरी रात्रभर जागू नकोस. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय उचलून नेत नाहीत, मालकाला दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार घेऊन जावं लागतं. दिवाणीत विधान खरं ठरलं की भागतं. फौजदारीत ते खरं आणि लोकहिताचंही दाखवावं लागतं. ताटातलं झुरळ लोकहिताचं नाही तर काय? पण 'रोज शिळं' यावर विचारलं तर काय दाखवशील? कितीदा सांगू, पाहिलं तेच.

म्हणून आत्ताच्या रिव्ह्यूचा तारखेसकट स्क्रीनशॉट घे, मग ते ताडलेलं वाक्य काढ. झुरळाचं वाक्य राहील, मालकानं कितीही आदळआपट करो. फोटो मूळ फोनमध्येच ठेव, फोन विकायचा नाही; कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर. भटारखान्यात शिरून तपासायचा अधिकार त्यांना आहे, तुला नाही. ही तक्रार आधीच केली असतीस तर उत्तर लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण असो.

उत्तर अर्ध्या पानाचं होईल. फी घेणार नाही. का ते विचारू नकोस. गुरुवारी संध्याकाळी ये. बिल आण, नोटीस आण, आणि ती आली ते पाकीटही. त्यावर पोस्टाची तारीख असते. फेकलं नाहीस ना?

तुझा,
काका