दुसरा सर्व्हर मागवण्याआधी

इंदूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. विजयनगरच्या कचेरीत झॅबिक्सचा, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंगचा, एक सर्व्हर, पीथमपूरच्या कारखान्यात त्याचा जोडीदार, मध्ये दोन बाण आणि खाली ठळक अक्षरात '99.99 टक्के'. या आकड्याचा हिशेब साहेबांना सांगितलास का? वर्षभरात सगळं मिळून जेमतेम 52 मिनिटं बंद, आणि तुमच्या कराराने वेगळी सूट दिली नसेल तर अपग्रेडसाठी थांबवलेला वेळही त्यातच. एक नऊ काढून टाकलास तर पावणेनऊ तास मिळतात. मी तर टक्के खोडून सरळ विचारलं असतं की रात्री दोन वाजता मॉनिटरिंग किती मिनिटं आंधळं राहिलं तर चालेल. कारखान्यातले लोक 'पाच-सात मिनिटं' म्हणाले, तर तुझं निम्मं काम आणि बराचसा खर्च तिथेच वाचला.

सर्व्हरची जोडी जमवणं हा यातला सोपा भाग. 2022 मध्ये आलेल्या झॅबिक्स 6.0 पासून ही सोय आतच आहे, त्यासाठी जोडी सांभाळणारं पेसमेकर वगैरे सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागत नाही. चालू सर्व्हर आणि राखीव सर्व्हर दर पाच सेकंदांनी डेटाबेसमध्ये आपली हजेरी लावतात. चालू सर्व्हरची हजेरी थांबली की ठरलेली वेळ वाट पाहून राखीव सर्व्हर ताबा घेतो. ही वेळ मुळात एक मिनिट असते. ती दहा सेकंदांपर्यंत खाली आणता येते, पण तू आणू नकोस. लिंक जरा डुलली की ताबा इकडून तिकडे उड्या मारत बसेल.

आता यातली मेख बघ. दोघेही हजेरी लावतात त्या डेटाबेसचं काय? तुझ्या चित्रात तो विजयनगरमध्ये आहे, एकच. म्हणजे विजयनगर गेलं की पीथमपूरचा सर्व्हर जिवंत असूनही बसून राहणार. खरी हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे एक भाग पडला तरी सेवा चालू राहणं, डेटाबेसपासून सुरू होते. पोस्टग्रेसची, म्हणजे या डेटाबेसची, प्रतिकृती पीथमपूरला ठेवशील, ते बरोबरच. पण मधली लिंक तुटली की प्रत्येक बाजूला वाटणार, समोरचा मेला. दोन्हीकडचे डेटाबेस मुख्य झाले की नोंदी दोन दिशांना फाटतात, आणि त्या नंतर सांधायला बसणं म्हणजे नको ते काम. म्हणून मुख्य कोण हे बहुमताने ठरवायला मतं तीन हवीत. पोस्टग्रेसचा मुख्य आपोआप बदलणारं पॅट्रोनी वापरणार असशील तर त्याच्या मागच्या ईटीसीडीचे, म्हणजे ही मतं सांभाळणाऱ्या प्रणालीचे, तीन नोड (मशीनं) ठेव, आणि तिसरा या दोन्ही जागांच्या बाहेर. तुमचं देवासला गोदाम आहे ना? तिथलं एखादं लहानसं मशीन पुरेल, नाहीतर क्लाउडच्या मुंबई रीजनमधलं एखादं व्हर्च्युअल मशीन घे. त्याला फक्त मत द्यायचं आहे, भारी डिस्क लागत नाही. वेगवान मात्र हवी, कारण ईटीसीडी हळू डिस्कवर रुसतो. नोंदी दोन्हीकडे एकदमच लिहिण्याचा हट्ट तुला धरायचं कारण नाही. ताबा बदलताना आलेखातल्या काही सेकंदांच्या नोंदी हुकल्या तर कुणाचं काही अडत नाही. बँकेचे व्यवहार असते तर वेगळं बोललो असतो.

कारखान्यात प्रॉक्सी नक्की बसव. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं म्हणून गच्चीवर टाकी असते, तेच काम प्रॉक्सी करतो. वरचा सर्व्हर भेटेनासा झाला तरी तो मोजमापं जमवत राहतो आणि लिंक आली की पुढे पाठवतो. फक्त ही साठवण मुळात एका तासाची असते, ती वाढवून एक-दोन दिवसांची कर आणि त्या हिशेबाने डिस्क दे. पावसाळ्यात कापलेली फायबर तासाभरात जोडून मिळेल, या भरवशावर राहू नकोस.

एक बारीक गोष्ट आहे, पण घोळ नेमका तिथेच होतो. स्विच आणि राउटरवर एसएनएमपीने, म्हणजे उपकरणाची खबर घेण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, कुणाला विचारू द्यायचं याची यादी असते आणि त्यात बहुधा एकच पत्ता असतो, पहिल्या सर्व्हरचा. ताबा बदलला की नवा सर्व्हर विचारत राहतो, स्विच गप्प राहतात, आणि पडद्यावर सगळं नेटवर्क लालेलाल. दोन्ही सर्व्हरचे आणि प्रॉक्सीचे पत्ते त्या याद्यांत, फायरवॉलमध्ये आणि प्रत्येक मशीनवर बसून माहिती देणाऱ्या एजंटच्या फायलींत आजच घाल. ट्रॅपचंही, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेल्या इशाऱ्यांचंही, तसंच. ते पोच न मागणाऱ्या यूडीपीवरून 162 पोर्टला येतात आणि घेणारा नसेल तर हवेत विरतात. उपकरणाला दोन ठिकाणी पाठवायला सांग, नाहीतर जिथे जमेल तिथे ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापर, त्याला निदान पोच तरी मागता येते.

निरोप कोणत्या वाटेने जाणार, हे तर तू चित्रात काढलेलंच नाहीस. इशारे कंपनीच्या मेल सर्व्हरवरून जाणार असतील आणि तोच विजयनगरमध्ये असेल, तर विजयनगर बंद पडल्याचं तुला कोण कळवणार? 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सहा-एक तास बंद होतं. तेव्हा त्यांच्या आतल्या दुरुस्तीच्या साधनांनाही त्याच नेटवर्कचा आधार होता, तीही लुळी पडली. तू जीएसएम मॉडेममध्ये वेगळ्या कंपनीचं सिम घालून एसएमएसची दुसरी वाट ठेव. शिवाय उलटा पहारा हवा. मॉनिटरिंगने ठराविक वेळाने बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी आहे' म्हणायचं, आणि ते म्हणणं थांबलं की त्या सेवेने तुला उठवायचं. प्रोमिथियस हे दुसरं मॉनिटरिंग वापरणारे यासाठी एक कायम वाजत राहणारा इशारा ठेवतात. मला ही कल्पना फार आवडते.

बॅकअप मात्र वेगळाच घे. कुणी चुकून शंभर उपकरणं पुसली तर प्रतिकृतीतूनही ती तितक्याच तत्परतेने पुसली जातील.

सगळं बसलं की सर्वांना आधी सांगून, कामाच्या वेळेत, चालू सर्व्हरची वायर ओढ. सेवा शिस्तीत थांबवून झालेली चाचणी मी धरत नाही, कारण तेव्हा जाणारा सर्व्हर निरोप घेऊन जातो. मग लिंक तोड. मग डेटाबेसचं मशीन बंद कर. प्रत्येक वेळी पहिला एसएमएस यायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिही. पूर्ववत कसं करायचं तेही लिहून ठेव, तू रजेवर असताना ते दुसऱ्या कुणाला करावं लागेल.

रविवारी संध्याकाळी घरी ये, चित्र नव्याने काढू. येण्याआधी दोन्ही इंटरनेट कंपन्यांना विचार की विजयनगर ते पीथमपूर त्यांची फायबर कोणत्या रस्त्याने जाते. दोन कंपन्यांची बिलं भरायची आणि दोघांच्या तारा एकाच चरात, असं सर्रास असतं. तसं निघालं तर दुसऱ्या सर्व्हरच्या पैशातून आधी वेगळ्या वाटेची लिंक घेऊ, आणि साहेबांना ते पटवायला मीही बरोबर येईन.

तुझा,
काका