ईमॅक्समध्ये मेल वापरायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधूनच मेल बघायचा विचार असेल तर जरूर करा, मेल लिहिणं आणि शोधणं दोन्हीत फरक लगेच जाणवतो. आधी एक समजून घ्या, म्यूफोरई (mu4e, ईमॅक्समधला मेल वाचायचा-लिहायचा प्रोग्राम) स्वतः मेल आणत नाही, ते काम एमबीसिंक (mbsync) या वेगळ्या प्रोग्रामचं, तो आयमॅपवरून (सर्व्हरवरचं मेल वाचायची पद्धत) मेल तुमच्या मशीनवर मेलडिर फोल्डरमध्ये (इथे प्रत्येक मेल वेगळी फाइल असते) उतरवतो, म्यू (mu) हा शोधायचा प्रोग्राम त्याची इंडेक्स बनवतो आणि ईमॅक्स फक्त दाखवतो. म्हणून आधी टर्मिनलमध्ये एमबीसिंक चालवून मेल खरंच येतंय का बघा, मग म्यू इनिट, म्यू इंडेक्स या कमांड द्या, आणि त्यानंतरच ईमॅक्स उघडा. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि चूक नेमकी कुठे आहे तेच कळत नाही.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- दुसऱ्याची एमबीसिंकची लांबलचक कॉन्फिग आहे तशी चिकटवणं. त्यात एक्स्पंज बोथ (Expunge Both, दोन्हीकडून पुसा) ही सेटिंग असेल तर इकडे डिलीट केलेलं सर्व्हरवरूनही जातं! सुरुवातीला सिंक पुल (Sync Pull) ही सेटिंग ठेवा, मग मेल फक्त खाली येतं, तुमच्या हातून काही झालं तरी सर्व्हर सुरक्षित.
- पासवर्ड उघडा लिहून ठेवणं. जीपीजी (फाइल कुलूपबंद करायचं साधन) ने एन्क्रिप्ट केलेली ऑथइन्फो (authinfo) ही पासवर्डची फाइल वापरा. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड घ्या.
- म्यूफोरईत डी दाबलं की मेल गेलं असं समजणं. ती नुसती खूण असते, एक्स दाबल्यावर काम होतं.

पाठवायला कंट्रोल-सी दोनदा. एकच अकाउंट घ्या, ऑर्ग-मोड (ईमॅक्समधली नोंदी ठेवायची सोय), एकापेक्षा जास्त अकाउंट वगैरे सध्या राहू द्या. अडलात तर एमबीसिंकचं एरर इथे टाका, बघू.