घोडागाडीच्या शर्यतीचे फोटो: शटर किती ठेवू?

तुमचा प्रश्न असा आहे की, अलिबागजवळच्या किनाऱ्यावर घोडागाडीची शर्यत टिपताना १/१००० सेकंदाच्या शटरला गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते आणि १/६० ला सगळाच लगदा होतो, तर शटर ठेवायचं किती?

शटर सांगतो, पण आधी एक विचारतो. तुम्ही उभे कुठे होता? बहुतेक माडांच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून. सगळे तिथेच उभे राहतात, सावली असते ना! पण मग घोड्यामागे नुसता समुद्र आणि आभाळ येतं. पॅनिंगमध्ये, म्हणजे घोड्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो काढताना, वेग दिसतो तो मागच्या ताणलेल्या रेघांमुळे, आणि सपाट आभाळाच्या रेघा कसल्या पडणार? वर संध्याकाळी सूर्य समोर, म्हणजे घोडा काळा ठिक्कर. मीही दोन वर्षं हेच केलं.

उलट्या बाजूला जा, समुद्राकडे पाठ करून. ऊन घोड्यावर पडतं आणि मागे सुरूचं बन, रंगीत शर्ट-टोप्यांची गर्दी, झेंडे. त्याचेच पट्टे होतात. मात्र आयोजकांना विचारल्याशिवाय तिकडे उभे राहू नका. महालक्ष्मीच्या रेसकोर्ससारखं कुंपण इथे नसतं, आणि बिथरलेला घोडा कुठेही वळतो. वळणापाशी आणि शेवटच्या रेषेपुढे तर नकोच. शर्यत ओहोटीच्या कडक पुळणीवर होते, पण भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा मागच्या खेपेच्या वेळेवर विसंबू नका. पाठीमागे पाणी कधी चढलं ते कळत नाही. माझी बॅग एकदा चांगली भिजली आहे.

आता शटर. ताशी ५४ किलोमीटरने धावणारा घोडा सेकंदाला १५ मीटर जातो. १/१००० ला तो बोटाच्या जाडीएवढा सरकतो, १/६० ला वीतभर. ही वीत तुमच्या कमरेने भरून काढायची, तेच पॅनिंग. १/१२५ पासून सुरुवात करा, हात बसला की १/६० वर या. त्या शटरला चाकाचे आरे विरघळून चकती होते आणि गाडी पळतेय असं वाटतं. १/३० च्या नादी मी लागत नाही. दौडताना घोड्याची मान वर-खालीही होते, आणि कॅमेरा आडवा फिरवून ती हालचाल भरून निघत नाही. तोंडच पुसलं गेलं तर फोटोत राहिलं काय?

पाय शर्यतीच्या दिशेला आडवे, जिथे बटण दाबणार त्या जागेकडे वळवून रोवा. घोडा लांब असताना कमरेतून त्याच्याकडे वळा, डोळ्यावर फोकस धरून सोबत फिरत या, अगदी समोर आला की दाबा, आणि दाबल्यावरही फिरत राहा. नवखे दाबतात आणि थांबतात, तिथेच फोटो जातो. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर ठेवा (निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्वो) आणि बर्स्ट (बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो) लावा. कॅननच्या लेन्सवर स्टॅबिलायझेशनचा (हाताची थरथर सावरणारी सोय) मोड २ असेल तर तो निवडा, तो आडवी हालचाल अडवत नाही.

उन्हात मात्र एक भानगड होते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला १/६० ठेवलं की अ‍ॅपर्चर एफ २० च्या आसपास जातं, म्हणजे लेन्सचं भोक फार बारीक होतं. चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक कण आभाळात काळा ठिपका होऊन बसतो. एनडी ८ फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) लावा, तीन स्टॉप, म्हणजे आठपट प्रकाश, उतरून एफ ७ च्या जवळ याल. लेन्स पुळणीवर बदलू नका, वाळू आत गेली की पुढचा खर्च तुमचा.

गोठवलेला फोटोच हवा असेल तर १/१६०० ठेवा आणि चारही पाय हवेत असल्याची फ्रेम शोधा. १८७८ मध्ये म्युब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने १२ कॅमेरे लावून दाखवलं की तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना येतो, जुन्या चित्रांतल्यासारखे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे.

शर्यतीची वाट पाहत बसू नका. रेवदंड्याच्या रस्त्याला कडेला उभे राहून मोटारसायकलींवर सराव करा. शंभरातले पाच जमले तरी मी खूश असतो.