स्वयंसेवी संस्थेने स्वतःचा व्यवसाय काढावा का? सोशल आंत्रप्रेन्योरशिपकडे, म्हणजे सामाजिक कामासाठी धंदा करण्याकडे, व्यवस्थापक कसे बघतात?

ज्याचा प्रोजेक्ट संपत आलाय त्या व्यवस्थापकाला त्यात पगाराची सोय दिसते. विश्वस्तांना वार्षिक अहवालातला फोटो दिसतो. साताऱ्याकडच्या एका संस्थेत बरीच वर्षं व्यवस्थापक होते, म्हणून एवढं ठाम बोलतेय.

आमचं बचत गटाच्या बायकांचं कांदा-लसूण मसाल्याचं युनिट होतं. फंडिंग थांबलं आणि मंडळाने ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असा धोशा लावला. एका विश्वस्तांनी हिशेब मांडला: मिरच्यांचे देठ खुडायला किलोमागे मजुरी जाते, बिनदेठाची मिरची बाजारात मिळते, तीच आणा. पण खुडायला बसायच्या कोण? भांगलणीला वाकवत नाही म्हणून ज्यांना कोणी कामाला बोलवत नाही, अशा म्हाताऱ्या. आग होऊ नये म्हणून बोटांना गोडेतेल चोळायच्या आणि बाजाराच्या दिवशी रोख पैसे न्यायच्या. युनिट काढलं होतं तेच त्यांच्यासाठी! हे बैठकीत बोलले तर ‘तुम्हाला धंदा कळत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं.

मला धंदा कळत होता. हंगामात मिरची भरून ठेवायला हातात भांडवल नव्हतं आणि शहरातले दुकानदार महिनोन्महिने उधारी थकवत होते. पैसा तिथे अडकला होता, देठांत नाही. शेवटी खुडणी राहिली, पण ठरावात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं लिहून.

त्यावर आणखी मंडळाकडून लिज्जत पापडचं उदाहरण ऐकायला मिळायचं. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे सगळ्यांना पाठ असतं. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालक आहे, हे कोणी बोलत नाही. आमच्या मंडळाला लिज्जतची उलाढाल हवी होती, मालकी सोडायची नव्हती.

सगळीकडे असंच होतं असं नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या जोरावर गरिबांच्या शस्त्रक्रिया मोफत करतं. तिथे पैसे देणारा वेगळा आणि गरजू वेगळा, म्हणून जमतं. आमच्याकडे वाचवायचा प्रत्येक रुपया गरजूच्याच मजुरीतून निघणार होता.

आणि हो, सीएला आधी विचारा. संस्था आयकर कायद्यातल्या ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ (general public utility) या प्रकारात मोडत असेल तर धंद्याची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षीची आयकराची सवलत जाते. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यांना ही मर्यादा नाही.

तोटा आला तर कोणाकोणाच्या मजुरीला हात लावायचा नाही, हे मात्र प्रस्ताव मंजूर होतानाच ठरावात नावानिशी लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.