पासवर्ड आज रात्रीच परत द्या

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीची कॅम्पसमधून पुण्याच्या आयटी कंपनीत निवड झाली आहे. तीन वर्षं ती मराठीत ब्लॉग लिहिते. ‘कंपनीने वाचलं तर नोकरी जाईल, म्हणून मी तिचा पासवर्ड बदलून ठेवला आहे. सगळं पुसून टाकू का? की त्यापेक्षा एमपीएससीला बसवू?’

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पासवर्डपाशीच थबकले. मुलगी बावीस वर्षांची आहे, स्वतःच्या हिमतीवर तिने नोकरी मिळवली आहे. कंपनीने अजून तिला एका शब्दाने अडवलेलं नाही. अडवलंय ते घरच्यांनी. आज रात्री जेवायला बसण्याआधी पासवर्ड तिला द्या आणि ‘माझं चुकलं’ असं सरळ म्हणा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही तिच्या तीन लेखांच्या प्रिंट लाल पेनाने खुणा करून पाठवल्यात. मेसची पातळ आमटी, इंटर्नशिपच्या दिवसांत रोज चुकणारी बस, ‘फ्रेशरला कोणी विचारत नाही’ हे वाक्य. यातल्या कशानेही नोकरी जात नाही हो! खूण हवी होती ती दुसऱ्या लेखातल्या फोटोवर, आणि तिथे तुमचं पेन फिरलंच नाही. टेबलावर पोह्यांची प्लेट आहे आणि मागे उघड्या स्क्रीनवर क्लायंटचं नाव अन् तक्त्यातले आकडे स्वच्छ वाचता येतात. तो फोटो तिला आजच हटवायला सांगा. लेख राहू द्या, चांगला आहे.

प्रत्येक लेखाखाली ती ‘ही मतं माझी वैयक्तिक आहेत’ असं लिहिते. एवढं लिहिलं की आपण सुटलो, असा पुष्कळांचा समज असतो. ती ओळ मतापुरती उपयोगी पडते. क्लायंटची माहिती बाहेर गेली तर तिचा काडीचा आधार नाही. टोपणनावाचंही तेच, कारण गोपनीयतेच्या करारावर सही खऱ्या नावाने केलेली असते. आयबीएमने 2005 मध्ये ब्लॉग लिहिण्याचे नियम कर्मचाऱ्यांकडूनच तयार करून घेतले. त्यांत मतं स्वतःची असल्याचं स्पष्ट करा असं होतं, आणि क्लायंटचा उल्लेख त्यांच्या संमतीशिवाय करू नका, हेही होतं.

त्याच वर्षी भारतात आयबीएममधल्याच एका ब्लॉगरने राजीनामा दिला. एका मॅनेजमेंट संस्थेच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर त्याने लिहिलं होतं आणि त्या संस्थेने त्याच्याबरोबर कंपनीवरही दबाव आणायला सुरुवात केली. आपल्यापायी कंपनीला त्रास नको म्हणून तो स्वतः बाहेर पडला, लेख मात्र मागे घेतला नाही. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

एमपीएससीचं म्हणाल तर तिथे 1979 चे वर्तणूक नियम आहेत, शासनाच्या धोरणावर टीका चालत नाही. लिहिण्याच्या भीतीने तिकडे पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जॉइनिंगआधी तिने अपॉइंटमेंट लेटर आणि कोड ऑफ कंडक्ट ओळन्‌ओळ वाचावं. गोपनीयता आणि बाहेरचं उत्पन्न ही दोन कलमं खास करून, कारण ब्लॉगवर जाहिराती असतील तर चारशे रुपयेही उत्पन्नच. मग एचआरला मेल: ‘मी मराठीत ब्लॉग लिहिते, ही लिंक. कामाबद्दल लिहीत नाही. काही परवानगी लागेल का?’ उत्तर जपून ठेवावं.

हा मेल तिलाच लिहू द्या. पाठवण्याआधी मला दाखव, असं म्हणू नका.